डब्यातील लसणाची चटणी

काल रात्री दोन वाजता शाळेतून फोन आला की मुलाला ताबडतोब घेऊन जा. मी धावत गेले, तर तो फाटकाबाहेर बर्फात डबा पोटाशी धरून उभा होता, आणि गुन्हा काय, तर दोन पोळ्यांच्या घडीत चमचाभर लसणाची चटणी. रक्तपिपासू पिशाच्चांच्या या संपूर्ण शाळेत ज्याच्या एकट्याच्या अंगात ऊब आहे आणि म्हणून ज्या एकट्यालाच थंडी वाजते, अशा पंधरा वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटे बाहेर ताटकळत ठेवणारे मुख्याध्यापक वर मलाच सांगतात, ‘‘त्याला जुळवून घ्यायला शिकवा.’’

कालची रात्र कोणती होती? 29 नोव्हेंबर, संत आंद्रेईच्या सणाची आदली रात्र! स्त्रिगोय, म्हणजे हीच पिशाच्चे, घरात शिरू नयेत म्हणून इथले, रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनियातील, लोक याच रात्री दारा-खिडक्यांना लसूण चोळतात. आमच्या गल्लीतील एकही चौकट सुटलेली नव्हती. शिवाय तळलेल्या माशासोबत मुज्देई, म्हणजे कुटलेला लसूणच, खाणारे हे गाव. त्या गावाला कोणी चकार शब्द बोलले नाही. राग निघाला तो माझ्या मुलाच्या डब्यावर.

‘जुळवून घ्या’ या शब्दांची मला आता चीड आली आहे. गेली दोन वर्षे आम्ही दुसरे काय करतो आहोत? डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडला की शाळा भरते आणि पंधरा तासांच्या त्या रात्रीत तो पेंगत, चिमटे काढत बसतो. शाळेत एकही आरसा नाही. तोंडावर पुटकुळ्या आलेल्या मुलाने भांग पाडायचा तो स्टीलच्या डब्याच्या झाकणात पाहून. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही म्हणून त्याच्या वर्गातील प्रत्येकाला मी स्वतः दारात उभी राहून ‘या’ म्हटले आहे, पण त्यांच्यापैकी एकाच्याही घरून माझ्या मुलाला आजवर बोलावणे आलेले नाही.

आणि ज्या परंपरेच्या नावाखाली वर्गांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या आहेत, ती तरी किती जुनी? 1897 च्या कादंबरीतील ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा रस्त्यावर फिरतो. उन्हाने मरण्याची गोष्ट रूढ झाली ती 1922 च्या जर्मन मूकपटापासून. शंभर वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटासाठी माझ्या मुलाने ऊन पाहायचे नाही, आणि माझ्या आजीच्या आजीपासून चालत आलेली चटणी मात्र यांना चालत नाही! मुख्याध्यापकांना हे तोंडावर सांगितले, तेव्हा ते घड्याळाकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर साडेतीनला तो ओट्याशी उभ्यानेच जेवला. चटणीशिवाय ज्याच्या घशाखाली कधी घास उतरला नाही, त्याने काल ती बोटाने निपटून डब्याच्या कोपऱ्यात सारली आणि कोरड्या पोळ्या खाल्ल्या. मग साबण लावून तीनदा हात धुतले.