भाडं थकलेल्या खोल्यांचा लिलाव

नाशिकचा भाचा मला सारखी रील्स पाठवतो. अमेरिकेत लिलावात घेतलेल्या गोदामाच्या खोलीचं कुणीतरी कुलूप तोडतं, शटर वर जातं, आत धुळकट खोकी आणि खोक्यात सोन्याची नाणी. "मावशी, तू शिकागोत राहतेस आणि अजून एकही खोली घेतली नाहीस?" हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार समजून घ्या. घटस्फोट झाला, घर गेलं, नोकरीपायी गाव सोडावं लागलं, आई वारली आणि तिचं सामान टाकवेना, की इथली माणसं भाड्याच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या गोदामात, खोली घेतात. भाडं थकलं की मालक आपलंही कुलूप चढवतो. मग नोटीस, बऱ्याच राज्यांत जाहिरात आणि शेवटी लिलाव. सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अपवाद लष्करी सेवेतल्या माणसांचा, त्यांच्या सामानाला कोर्टाच्या हुकुमाशिवाय हात लावता येत नाही.

बोली लावणाऱ्याने दारातूनच बघायचं. आत पाऊल टाकायचं नाही, खोकं उघडायचं नाही. हल्ली तर निम्मा कारभार ऑनलाइन, फोटोवरून. जिंकलात की दोन-तीन दिवसांत खोली झाडून द्यायची, नाहीतर डिपॉझिट बुडालं. आणि त्या गाद्या, तो मोडका सोफा? ते टाकायलाही पैसे पडतात. 'स्टोरेज वॉर्स' या 2010 साली सुरू झालेल्या टीव्ही कार्यक्रमाने हे सगळं गुप्तधनासारखं दाखवलं. त्यातच बोली लावणाऱ्या डेव्ह हेस्टरने 2012 मध्ये दावा ठोकला, की खोल्यांमध्ये किमती वस्तू आधीच आणून ठेवतात. एवढं भाच्याला पुरे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्या खोलीतल्या सामानाचा मालक कुठेतरी जिवंत असतो.

व्हिव्हियन मायरचं उदाहरण लोक लिलावाच्या बाजूने देतात, मी उलट्या बाजूने देते. ती आमच्याच शिकागोत वर्षानुवर्षं लोकांची मुलं सांभाळायची आणि मोकळ्या वेळात रस्त्यांवर फोटो काढायची. कुणाला दाखवायची नाही. म्हातारपणी भाडं थकलं आणि 2007 मध्ये तिचं सामान लिलावात गेलं. जॉन मालूफ नावाच्या तरुणाला एका परिसराच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्याने निगेटिव्हचं एक खोकं साधारण 400 डॉलरला उचललं. पुढे इतरांनी घेतलेलंही जमवलं. लाखाच्या वर निगेटिव्ह. आज तिला विसाव्या शतकातल्या मोठ्या स्ट्रीट फोटोग्राफरांमध्ये गणतात.

आता तारखा बघा. लिलाव 2007 चा, ती गेली एप्रिल 2009 मध्ये. मधली दीड-दोन वर्षं ती याच परिसरात होती. ज्यांना लहानपणी तिने सांभाळलं होतं, त्या भावंडांनी तिच्या राहण्याची सोय केली होती. मालूफला तिचा पत्ता लागला तो मृत्यूच्या बातमीतून.

लिलाव झाला नसता तर फोटो कचऱ्यात गेले असते, असं म्हणतात. गेलेही असते. हे मला खोडून काढता येत नाही, आणि ते फोटो मी स्वतः तासन् तास बघितलेत. पण तिला कुणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं. आणि गंमत म्हणजे निगेटिव्ह विकत घेतली तरी कॉपीराइट त्याबरोबर येत नाही. 2014 मध्ये वारसाहक्काचा वाद कोर्टात गेला, तेव्हा कुठे या गोष्टीची चर्चा झाली.

अशा विक्रीविरुद्ध कोर्टात दाद मागून झाली आहे. 1973 मध्ये न्यूयॉर्क राज्यात शर्ली ब्रूक्स नावाच्या बाईला घरातून बाहेर काढलं आणि तिचं सामान गोदामात गेलं. पैसे भरले नाहीत तर विकू, असं पत्र आलं. ती लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1978 मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला: गोदामवाल्याने केलेली विक्री ही सरकारची कृती नाही, म्हणून तिथे घटनेचं संरक्षण लागू नाही. तिची बाजू घेणारे तिघे न्यायाधीश होते, विरोधात पाच.

गोदामाच्या मालकाचं भाडं बुडू नये हे मला मान्य आहे. टीव्ही विका, अवजारं विका, सोफा विका. पण फोटो, पत्रं, जन्मदाखले बोलीत धरूच नयेत. अनेक ठिकाणी खरेदीदाराने असली कागदपत्रं ऑफिसात परत द्यावीत असा नियम असतोच. पण तो पाळला की नाही, हे बघायला तिथे कोण उभं असतं?

एक सूचना आपल्या लोकांसाठी. नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपत आली, की कितीतरी जण सामान खोलीत कोंबून पुण्याला परततात. वर्षभराने कार्डाची मुदत संपते, भाडं कटत नाही, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. करारात दुसऱ्या संपर्काची जागा असते, ती रिकामी सोडू नका, आणि तिथे अमेरिकेतच राहणाऱ्या, फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव घाला. लग्नाचा अल्बम आणि आजीच्या हातची पत्रं मात्र त्या खोलीत ठेवूच नका. विमानात 23 किलोची बॅग मिळते, कपडे इथे टाकून जा.