विंडोज सोडावे म्हणतो

चहा, तंबाखू आणि मुंबईची नोकरी सोडण्याचा विचार आमच्या कोकणातल्या आचऱ्यात पुष्कळ जण वर्षानुवर्षे करत असतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण मी संगणकातले विंडोज सोडून लिनक्स ही संगणक चालवणारी दुसरी प्रणाली घेण्याचा विचार करतो आहे हे कळल्यापासून मात्र घरात, शेजारी आणि पुतण्याच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये माझ्याविषयी काळजीने बोलले जाते.

या विचाराचे मूळ एका तारखेत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणजे त्यानंतर सापडणारी सुरक्षेची भोके पूर्वीसारखी आपोआप बुजवली जाणार नाहीत असे ठरले. विंडोज ११ वर जावे, तर त्याच्या अटींमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा असे लिहिलेले. माझा सहाव्या पिढीचा. तपासणीचा प्रोग्राम चालवला, तेव्हा हा संगणक पात्र नाही असा निकाल आला. खाऱ्या वाऱ्याने ज्याच्या पाठीमागचे स्क्रू गंजले, श्रावणात ज्याच्या कीबोर्डवर बुरशी धरली आणि तरीही ज्याने हापूसच्या पेट्यांचा हिशेब, वाशीहून आलेल्या दलालाच्या पट्ट्या आणि वाडीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज बिनतक्रार सांभाळले, त्याला एका हिरव्या-लाल खुणांच्या यादीने अपात्र ठरवावे, याचे मला वाईट वाटले. अटी घालणाऱ्यांचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही; सुरक्षा महत्त्वाची असते. पण आमच्याकडे चालती वस्तू टाकण्याची रीत नाही. न चालणारीसुद्धा आधी पडवीत, मग माळ्यावर आणि शेवटी मांगरात काही वर्षे काढते.

यावर तीन उपाय होते. नवा संगणक घेणे हा पहिला; तो आंब्याचा मोहोर पाहून ठरवायचा असतो आणि यंदाचा मोहोर त्याबाबत अनुकूल नव्हता. दुसरा म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणारी सुरक्षा-सुधारणांची मुदतवाढ. ती मी लगेच घेतली, कारण मुदतवाढ मिळत असताना ती न घेणे माझ्या स्वभावात नाही. तिसरा उपाय पुतण्याने फोनवर तीन शब्दांत सांगितला: "काका, लिनक्स टाका." पाऊण तासाचा उपदेश ऐकण्याच्या तयारीने मी खुर्ची ओढून बसलो होतो, एवढ्यात संपले म्हणून मीच त्याला विचारले, "कुठले?" आणि तो पाऊण तास तिथून सुरू झाला.

विंडोज वापरणाऱ्या माणसाला "कुठले?" हा प्रश्न जन्मात पडलेला नसतो. जे येते ते येते, आपण "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश" करत जातो, आणि मधल्या पानांवर कशाला संमती दिली हे कोणी पुढे विचारत नाही. लिनक्सचा मामला निराळा आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत आणि ती काही मोठी वगैरे होणार नाही, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्याने तिचा गाभा अशा परवान्याखाली दिला की कोणीही तो घ्यावा, बदलावा आणि पुढे वाटावा. जगात हौशी माणसांची वाण नसल्याने लोकांनी तो खरोखरच घेतला, बदलला आणि वाटला. त्यातून लिनक्सचे निरनिराळे अवतार निघत गेले: १९९३ मध्ये डेबियन आले, २००४ मध्ये डेबियनवरून उबुंटू निघाले, २००६ मध्ये उबुंटूवरून मिंट निघाले, आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने बॉस नावाचे काढले, आणि यांखेरीज शेकडो आहेत. पुतण्या ती नावे भक्तिभावाने उच्चारत होता. मी कागदावर लिहून घेत होतो, कागद संपला तेव्हा मागची बाजू घेतली.

"पण हे खेड्यापाड्यात चालते का?" असे मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की जगातले सर्वांत शक्तिमान पाचशे महासंगणक मोजण्याची जी यादी निघते, तिच्यातले पाचशेच्या पाचशे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. आचऱ्यात महासंगणक नसल्याने या माहितीने मला फारसा धीर आला नाही. मग तो म्हणाला, "काकूंच्या हातातल्या फोनमध्ये अँड्रॉइड आहे ना? त्याचा गाभा लिनक्सच आहे." हे मात्र मला लागले. ज्या गोष्टीचा मी पावसाळ्यापासून विचार करत होतो, ती बायको कित्येक वर्षे मासळीचे भाव विचारायला आणि मुंबईच्या बहिणीशी बोलायला वापरत होती, आणि तिने तिचा एक क्षणही विचार केलेला नव्हता.

नवशिक्याने मिंट घ्यावे, असे शेवटी ठरले. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावे देतात. एकोणिसाव्या मालिकेची पहिली तारा, एकविसावीची व्हनेसा, बाविसावीची विल्मा. बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे, म्हणून मी पुतण्याला फोनवर मोठ्याने म्हणालो, की मग मला विल्माच बरी, ती निदान काही वर्षे टिकेल. बायको तेव्हा सोलं वाळत घालत होती. तिने हातातले सूप खाली ठेवले आणि "ही खंयची?" एवढेच विचारले. तिला समजावण्यात संध्याकाळ गेली. तेवढ्यात पुतण्याचा संदेश आला, की विल्मा पडद्यावरच्या मांडणीप्रमाणे तीन रूपांत मिळते, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई, तर त्यांतले कुठले हवे ते कळवा. चार जीबी मेमरीच्या संगणकाला हलके रूप बरे, हेही त्यानेच सांगितले, आणि तरीही निवड माझी आहे असे पुढे लिहिले. लिनक्सवाल्या माणसांचा हा एक विशेष मला जाणवला आहे: उत्तर त्यांना ठाऊक असते, तुम्हांलाही ते सांगून टाकतात, आणि मग स्वातंत्र्याचा मान राखून तोच प्रश्न पुन्हा तुमच्या ताटात वाढतात.

यानंतर जी गोष्ट कळली, तिने मात्र मी खरोखर प्रभावित झालो. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते; हार्ड डिस्कवर काहीही न बसवता, असलेले विंडोज न हलवता. पुतण्याला ही सोय मला समजावण्यासाठी बरेच इंग्रजी शब्द वापरावे लागले, पण आचरेकराला तेवढ्याची गरज नव्हती. आमच्या गावात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. श्री रामेश्वराचा कौल झाला, की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस तीन रात्री राहुट्या घालून राहतो, आणि पुन्हा कौल झाला की परत येतो. घर आपल्या जागी तसेच असते. पेनड्राइव्हवरचे लिनक्स म्हणजे संगणकाची गावपळण. आपण बाहेर राहून पाहायचे, घराला हात लावायचा नाही, आणि पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की जुने विंडोज जणू काही झालेच नाही अशा थाटात हजर होते. बाहेर असताना मांडलेला संसार बरोबर येत नाही, एवढेच; तिथे लिहिलेले वेगळ्या ठिकाणी जपून ठेवले नाही तर ते जाते.

जवळपास तीन जीबीची ती फाइल आमच्या इंटरनेटवरून उतरवण्याच्या कथेत मी शिरत नाही. ज्यांच्या घरी रेंज फक्त मागल्या दारच्या फणसाखाली येते, त्यांना ती सांगावी लागणार नाही, आणि इतरांना पटणार नाही. पुढे, संगणक सुरू होताना नेमके कुठले बटण दाबावे याविषयी एफ२, एफ१२, एस्केप आणि डिलीट अशी चार मते असतात आणि ती चारही कुठल्या ना कुठल्या संगणकाबाबत बरोबर असतात. शेवटी मिंट उघडले. वायफाय चालले, आवाज चालला, पडदा स्वच्छ दिसला. सी ड्राइव्ह मात्र कुठे दिसेना. लिनक्समध्ये सी, डी, ई असला प्रकारच नाही. एका तिरक्या रेघेखाली सगळे, अगदी बाहेरून जोडलेला पेनड्राइव्हसुद्धा, नांदत असते. वाटणीशिवाय इतके सारे एका छपराखाली राहते, हे कोकणातल्या माणसाने संशयानेच पाहायचे.

एक्सेलच्या फाइली मिंटबरोबर येणाऱ्या लिब्रेऑफिस या तशाच प्रोग्राममध्ये उघडल्या आणि पेट्यांची बेरीजही तीच आली. देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला. मग देवस्थानच्या जुन्या इतिवृत्ताची फाइल उघडली आणि समोर रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि टक्क्याच्या चिन्हांचा पाऊस पडला. हा दोष लिनक्सचा नव्हे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामायिक संकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि विशिष्ट फाँट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. तो फाँट नसेल तर कुठल्याही संगणकावर हीच गत होते. फाँटची फाइल नेऊन योग्य त्या फोल्डरमध्ये ठेवली की काम भागते, आणि ते भागलेही. प्रिंटरचे मात्र भागले नाही. तो लिनक्सला दिसत होता, त्याचे नावही लिनक्सने अचूक वाचले, आणि छापायची आज्ञा दिल्यावर दोघेही एकमेकांकडे पाहत स्वस्थ बसले. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, वेगळा मिळवून बसवावा लागेल, असे पुतण्याचे मत पडले. सातबारा, पट्ट्या आणि शाळेचे अर्ज या तिन्हींसाठी ज्या घरात वाडी येऊन बसते, तिथे प्रिंटर हा तपशील नसतो.

गावपळण आटोपून विंडोजमध्ये परतलो, तो तिथे एक निराळाच चमत्कार. सकाळचे अकरा वाजले होते आणि संगणकाच्या मते पहाटेचे साडेपाच. मला वाटले, बॅटरी संपली. पुतण्याने कारण सांगितले, की संगणकाच्या आत एक घड्याळ असते, विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे धरून चालते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ जुळवून घड्याळात आपल्या पद्धतीने लिहिली आणि विंडोजने ती आपल्या पद्धतीने वाचली. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढा. दोन्ही पद्धती नांदवायच्या असतील तर लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला एका आज्ञेने सांगता येते. मधल्या काळात मी पहाटे साडेपाचला दुसऱ्या चहाची मागणी केली, ती फेटाळली गेली.

दुरुस्तीचा प्रश्न उरला. तालुक्याला संगणक पाहणारा जो मुलगा आहे, त्याच्या सर्व निदानांचा शेवट "फॉर्मेट मारूक व्हयो" या वाक्यात होतो, आणि लिनक्सचे नाव काढताच त्याने तेच वाक्य जास्त आनंदाने उच्चारले. व्यापाऱ्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. ते लिनक्सवर चालवायला १९९३ पासून विकसित होत आलेले वाइन नावाचे साधन आहे, पण ते कशाला चालेल आणि कशाला नाही हे बसवल्यावर कळते. म्हणून विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे, असा मध्यम मार्ग निघाला. बसवण्याच्या पानावर "विंडोजच्या शेजारी बसवा" आणि "डिस्क पुसून बसवा" हे दोन पर्याय एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत दिलेले असतात, हे पाहून मी माऊसवरचा हात काढून पाठीमागे बांधला.

आंब्याच्या दिवसांत असल्या कामाला हात घालता येत नाही आणि पावसात वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही, तेव्हा पुतण्या गणपतीला येईल त्या वेळी हे करावे, मुदतवाढही तोवर शिल्लक राहते, असा मी व्यवस्थित कार्यक्रम आखला. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. प्रिंटरचा ड्रायव्हर आधी, बाकीचे नंतर, असे पुतण्याला लेखी कळवले. त्याने सगळे मान्य केले आणि त्याच रात्री फोन करून विचारले, "काका, फाइल सिस्टिम कुठली ठेवू? एक्स्ट४ की बीटीआरएफएस? दोन्हींचे फायदे आहेत, तुम्ही ठरवा."

मी फोन बायकोच्या हातात दिला. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबू, जा बरा आसात ता घाल. आणि येताना पुण्यासून बाकरवडी हाड."

आश्चर्य म्हणजे तेवढे उत्तर त्याला पुरले.