नन्नाचा पाडा

परवा माझ्या वेबसाइटला 'न'ची बाधा झाली.

झालं असं, की साइटवरच्या 'लेख' या विभागाला 'लेखन' म्हणावं असं मला एका रात्री वाटलं. का वाटलं ते विचारू नका. लेख म्हटलं की चार पानं खरडलेली, लेखन म्हटलं की साधना, असलंच काहीतरी असणार. विभागाचं नाव बदललं की पत्ता बदलतो आणि पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्या जागी पोचवायची सोय करावी लागते. हीच ती रिडायरेक्टची भानगड. साइट ज्या यंत्रावर राहते त्या सर्व्हरला मी नियम लिहून दिला: पत्त्याची सुरुवात 'लेख'ने होत असेल तर तिथे 'लेखन' घाल, आणि त्यापुढे जे असेल ते जसंच्या तसं जोड.

सर्व्हर आज्ञाधारक. त्याने 'लेख'चं 'लेखन' केलं आणि ब्राउझरला तिकडे धाडलं. ब्राउझर 'लेखन' मागायला आला. सर्व्हरने पाहिलं, याचीही सुरुवात 'लेख'नेच होतेय की! नियम म्हणजे नियम. मग 'लेखन'चं 'लेखनन' झालं, त्याचं 'लेखननन', त्याचं 'लेखनननन'. माणूस असता तर तिसऱ्या 'न'ला थबकून म्हणाला असता, "साहेब, काहीतरी चुकतंय." क्रोम आणि फायरफॉक्स वीस हेलपाटे झाले की हात टेकतात, म्हणून हा नन्नाचा पाडा विसावर थांबला.

सर्व्हरच्या नोंदवहीत तर त्या ओळी पायऱ्यापायऱ्यांनी लांबत गेलेल्या दिसल्या. देवनागरी अक्षराला आत तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन कप्पे, लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा असा लिहिला जातो. म्हणजे एका 'न'ची नऊ चिन्हं. वीस 'न' म्हणजे नुसत्या नकाराची १८० चिन्हं. आणि वाचकाला पडद्यावर काय दिसतं? या साइटने तुम्हाला फार वेळा इकडून तिकडे पाठवलं, कुकीज पुसून बघा. गाढवपणा माझा, पुसापुशी वाचकाने करायची.

उपाय एका तिरक्या रेघेचा होता. 'लेख'नंतर ती रेघ आली तरच नियम लागू, एवढं लिहिलं आणि बाधा उतरली. ती रेघ कुठे द्यायची हे सुचायला मात्र दीड तास गेला.

खरं दुखणं जुनं आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावून ठेवलंय, की चांगले पत्ते बदलत नसतात. मी तीनदा बदलले. आधी पत्त्यात तारीख होती. मग ती नकोशी झाली म्हणून 'मनातलं' आलं. मग 'मनातलं' फार हळवं वाटलं म्हणून 'लेख'. मधल्या काळात पत्त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपीचं सुरक्षित एचटीटीपीएस झालं. त्यापुढचे तीन डब्ल्यू मी आधी लावले, नंतर काढले. दर वेळी आधीच्या नियमाला हात न लावता खाली नवा नियम चिकटवत गेलो. परिणाम असा, की अगदी सुरुवातीच्या एखाद्या लिंकवरून येणारा वाचक पाच दारं ठोठावत आत येतो आणि प्रत्येक दारावर त्याला माझ्या तेव्हाच्या आवडीनिवडींची माहिती मिळते. गूगलचा बॉट, म्हणजे साइटी चाळत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, अशा दहा उड्या मारेपर्यंत धीर धरतो. माझे वाचक इतके सोशिक नसावेत.

त्यात सर्व्हर ब्राउझरला उत्तर देताना जे आकडे पाठवतो त्यांचं राजकारण. ३०१ म्हणजे कायमचा मुक्काम हलवला, ३०२ म्हणजे तात्पुरता. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट कायमची ठरवलेली नाही, पण सर्व्हरपुढे रुबाबात ३०१ लिहिला आणि तोही चुकीच्या पानाकडे बोट दाखवणारा. पाच मिनिटांत चूक सुधारली. तरी माझा ब्राउझर त्याच चुकीच्या पानावर जाऊन बसे. मी नियम पुन्हा तपासला, फाइल पुन्हा चढवली, सर्व्हर बंद करून चालू केला. शेवटी बायकोला तिच्या फोनवर बघायला सांगितलं.

"अरे, नीट तर दिसतंय."

"नीट म्हणजे? कुठलं पान उघडलं?"

"तू सांगितलंस तेच. तुझाच कॉम्प्युटर तुझं ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

ब्राउझरने ३०१ वाचून 'कायमचा' हा शब्द मनावर घेतला होता आणि सर्व्हरला परत विचारायला तो जातच नव्हता. कॅशे, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या जुन्या आठवणी, पुसल्यावर वळणावर आला. तेव्हापासून मी आधी ३०२ लावतो, आठवडाभर जाऊ देतो, मग ३०१.

मध्यंतरी वैतागून मी सगळेच मेलेले पत्ते होमपेजकडे वळवायचं मनात आणलं होतं. पण गूगल त्याला 'सॉफ्ट ४०४' म्हणतं, म्हणजे पान सापडलं नाही हे हसतमुखाने सांगणं. आणि एक लेख वाचायला आलेल्या माणसाला उचलून दिवाणखान्यात बसवण्यात आतिथ्य कसलं? जे खरंच काढून टाकलंय त्याला ४१० लावावा: गेलं, वाट बघू नका.

मग मी यादी करायला बसलो. जुने पत्ते १४३. नोंदवहीतून शोधत होतो, की कुठल्या पत्त्यावर आता कुणीच फिरकत नाही, म्हणजे तो नियम उडवता येईल. 'मनातलं'च्या काळातला एक पत्ता उडवणारच होतो, तर लक्षात आलं, की तिथे कुणीतरी रोज येतंय. रोज पहाटे, पाचच्या ठोक्याला. एक दिवस खंड नाही. मी हललोच. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या हळव्या लेखाचा एक वाचक जगात शिल्लक आहे, आणि तो दिवसाची सुरुवात त्याने करतो! त्या एका माणसासाठी मी संध्याकाळभर बसून पाच उड्यांची एक उडी केली. नियम हाताने लिहिला, तीनदा तपासला.

नोंदीच्या ओळीत अगदी शेवटी येणाऱ्याची ओळख असते. ती वाचायची राहिली होती. तिथे लिहिलं होतं 'पहारेकरी'.

जुने पत्ते शाबूत आहेत की नाही हे रोज पाहायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, पहिल्यांदा पत्ते बदलले तेव्हा. निकाल मला ईमेलने कळवायचंही सांगितलं होतं. ते ईमेल खातं मी पुढे बदललं.

यादी तिथेच मिटली. दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या नोंदवही उघडली. पाच वाजता तो येऊन गेला होता, एका उडीत.