22.9 विरुद्ध 13.1: हा हिशोबच चुकलेला आहे

"विल्ट चेंबरलेन सामन्यामागे 22.9 रिबाउंड, डेनिस रॉडमन 13.1. विषय संपला." बास्केटबॉलमधल्या दोन जुन्या दिग्गजांची रिबाउंडवरून (म्हणजे चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू पकडण्यावरून) तुलना करणारं हे चित्र परत फिरतंय, आणि काल आमच्या ज्युनिअर मुलांच्या ग्रुपवरही येऊन पडलं. खाली जोडलेले दावे: रिबाउंड म्हणजे उंचीचा खेळ, आणि आजचे खेळाडू आळशी.

अहो, रिबाउंड चुकलेल्या शॉटवर मिळतो. मग शॉट किती चुकत होते, ते आधी बघा. बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या साइटवर एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) मोसमवार सरासऱ्या आहेत. 1961-62 मध्ये एक संघ सामन्यात सुमारे 108 शॉट मारायचा आणि 43 टक्केही बास्केटमध्ये पडत नसत. 1991-92 मध्ये शॉट 87, पडायचे 47 टक्के. दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे रिबाउंड 1961-62 मध्ये साधारण 142, 1991-92 मध्ये 87. विल्टने 1961-62 मध्ये सरासरी 25.7 घेतले, जवळजवळ एकही मिनिट बाहेर न बसता. म्हणजे 18 टक्के. 1991-92 मध्ये रॉडमन 48 मिनिटांच्या सामन्यात 40 मिनिटं खेळायचा. तेवढ्या वेळात हाती लागण्यासारखे 73, त्याने घेतले 18.7. चारातला एक! जुन्या संघ-आकड्यांत कुणाच्याच नावावर नसलेले रिबाउंडही धरलेले असतात. ते वजा केले तर विल्ट थोडा वर सरकतो, पण रॉडमनला गाठत नाही.

एक मान्य करावंच लागेल. 24 नोव्हेंबर 1960 ला समोर बिल रसेलसारखा दिग्गज बचावपटू असताना विल्टने काढलेले 55 रिबाउंड कुठल्याही काळात अफाटच. आणि मोसमभर पूर्ण सामना खेळण्याचा दम रॉडमनने कधी दाखवलेला नाही.

पण उंचीचा मुद्दा मुलांचं नुकसान करतो. रॉडमन 6 फूट 7 इंच. शॅक, ओलाजुवॉन, रॉबिन्सन असे सात फुटांच्या आसपासचे सेंटर खेळत असताना 1991-92 पासून सलग सात मोसम तो रिबाउंडमध्ये पहिला. शॉट सुटला की मुलं चेंडूकडे बघत राहतात, तिथेच रिबाउंड जातो. आधी आपला माणूस शोधा, वळून पाठ त्याला भिडवा, गुडघे वाकवून कंबर खाली, हात वर, चेंडू त्यानंतर. कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) चुकला की चेंडू लांब उसळतो. रिंगखाली घुसून बसलात तर तो डोक्यावरून जाणार.

राहिला आळस. आज बऱ्याच संघांत शॉट सुटताच तिघं-चौघं मागे धावतात, कारण फास्ट ब्रेक, म्हणजे समोरच्यांचा झटपट प्रतिहल्ला, अडवायचा असतो. आक्रमणातला (आपल्याच चुकलेल्या शॉटचा) रिबाउंड सोडा, हे त्यांना कोचनेच सांगितलेलं असतं.