अर्थची पिन कापू नका : 'बेस ॲम्प दमदार करा' या मेसेजला उत्तर

आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि नाटकातल्या वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'बेस गिटारचा कॉम्बो ॲम्प दमदार करा, सहा घरगुती युक्त्या. मेकॅनिक हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.' (कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत.) असे मेसेज मी एरवी पुसून टाकतो. हा पुसला नाही, कारण तो माझ्या भाच्याने पाठवला. तो वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात बेस वाजवतो : लग्नं, शारदा-दुर्गेचे मंडप आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, 'मामा, पहिली युक्ती करून पाहिली. हमिंग पूर्ण गेली.'

पहिली युक्ती म्हणजे थ्री पिन टॉपची वरची जाड पिन कापून टाकणे. मी लगेच फोन लावला, ॲम्प बोर्डातून काढायला लावला आणि नवा टॉप बसवल्याशिवाय लावू नको म्हणून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "पण सगळेच करून राह्यले ना मामा." सगळेच करत असतील तर हे सगळ्यांसाठीच लिहायला हवं.

मेसेजचा पहिला मुद्दा असा : 'अर्थची पिन फक्त कायद्यासाठी असते. तिच्यामुळेच ॲम्प गुणगुणतो. जुन्या अमेरिकन ॲम्पना दोनच पिना होत्या.'

यातलं दोन पिनांचं वाक्य खरं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या पुष्कळ अमेरिकन ॲम्पना दोनच वायरी असायच्या. पण पुढची गोष्ट मेसेजवाला सांगत नाही. त्या ॲम्पांत मेन्सच्या एका वायरीतून चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की चेसिसवर सरळ करंट. तिथले दुरुस्ती करणारे त्या कपॅसिटरला मरणाचा कपॅसिटर म्हणतात, आणि असा जुना ॲम्प हातात आला की आधी तो कापून काढतात आणि तीन वायरींची केबल बसवतात. ज्यांचा दाखला दिला जातोय, ते लोक नेमकं उलटं करतात.

आता पिन काय करते ते पाहा. प्रत्येक बेसवाल्याला ठाऊक आहे की तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होते. का होते? कारण तारा बेसवरच्या धातूच्या ब्रिजला टेकलेल्या असतात, ब्रिजखालून एक वायर जॅकच्या ग्राउंडला जाते, तिथून केबलच्या जाळीतून ती ॲम्पच्या चेसिसला पोचते. म्हणजे तारांना हात लावणं हे चेसिसला हात लावणंच आहे. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं, छोटा हत्ती टेम्पोत आदळून एखादी वायर सुटली, किंवा धानाच्या कोठीत ठेवलेल्या ॲम्पची वायर उंदराने कुरतडली, आणि फेज चेसिसला टेकला, तर काय होईल? पिन जागेवर असेल आणि मंडपाचं अर्थिंग नीट असेल, तर तो करंट अर्थमधून धो धो जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, ॲम्प बंद पडेल. पिन कापलेली असेल तर काहीच उडणार नाही. ॲम्प नेहमीसारखा वाजत राहील. तारांवर २३० व्होल्ट आहेत हे कुणालाही कळणार नाही. मग वाजवता वाजवता कोरस द्यायला तुम्ही माईकला ओठ लावाल. माईकची जाळी मिक्सरमार्गे अर्थला जोडलेली असते. हातातून शिरलेला करंट छातीतून ओठांवाटे बाहेर पडतो.

हे घडलेलं आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात रंगमंचावर कोसळला आणि गेला. एका हातात गिटार होती, आणि ज्या माईकला हात लागला त्याचं अर्थिंग धड नव्हतं. वय २७. त्याच्या बाबतीत दोष माईककडे होता, आपल्याकडे तो ॲम्पकडे असेल, पण माणसातून करंट जाण्याचा रस्ता तोच. हिशोब करायला इंजिनिअर लागत नाही. ओल्या, घामेजल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला २३० मिलीॲम्पिअर होतात. माणूस वाचावा म्हणून जो ईएलसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवतात तो ३० मिलीॲम्पिअरला पडतो. आणि आपल्या नाटकांच्या रात्री कशा असतात ते आठवा : हिवाळा, उघडं मैदान, पहाटेपर्यंत दव पडून ओली झालेली माती, आणि बरेच वादक अनवाणी.

पिन कापली की हमिंग जाते, हेही मला मान्य करावं लागतं. जाते. पण दोष पिनेचा नसतो. ॲम्प मंडपाच्या एका टोकाच्या बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असतो, दोघांना लाइनची केबल जोडते, आणि अर्थच्या दोन वाटांचं एक मोठं वर्तुळ तयार होतं. त्यात ५० हर्ट्झ घुमतो. भाच्याच्या ॲम्पला नेमकं हेच झालं होतं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, हमिंग थांबली. तसं जमत नसेल तर डीआय बॉक्स घ्या, म्हणजे ॲम्प आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण केबलच्या जाळीचा जोड तोडतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. पुष्कळ कॉम्बोंच्या मागे हे बटण आधीपासून असतं आणि कुणी वापरत नाही.

हमिंग कशाची आहे हे ओळखायला तुमचा बेसच पुरेसा आहे. मोकळी 'जी' (G) तार ९८ हर्ट्झला वाजते. गुणगुण तिच्या सुराजवळ असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे बहुधा ॲम्पच्या सप्लायमधले, डीसी गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर थकलेत. 'ई' (E) तारेच्या तिसऱ्या पट्टीशी, म्हणजे ४९ हर्ट्झशी जुळत असेल तर ती ५० ची. अर्थचं वर्तुळ किंवा बाहेरून पकडलेली. बेस घेऊन जागेवरच वळून पाहा. वळल्यावर गुणगुण कमीजास्त झाली तर बेसचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) शेजारचा ट्रान्सफॉर्मर किंवा लाइटचा डिमर पकडतोय, बाजूला सरका.

आणि मंडपाचं अर्थिंगच खोटं असेल तर? आपल्याकडे हे फार आहे. बोर्डाला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. अशा ठिकाणी एका यंत्रात दोष आला की त्या बोर्डावरच्या सगळ्या यंत्रांच्या चेसिसवर करंट येऊ शकतो. म्हणून वायरमनकडून मल्टीमीटर लावून घ्या : फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. नंतर फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायला सांगा. पूर्ण प्रकाश पडला तर अर्थ जिवंत आहे. मिणमिणला तर मीटर काहीही दाखवो, भरवसा ठेवू नका. ईएलसीबी असेल तर तो या बल्बने पडेल, तीही चांगलीच खूण. घाईत ठोकलेल्या सळईवर मात्र निर्धास्त राहू नका. मे महिन्याच्या कोरड्या जमिनीत एका सळईचा रोध ५० ओहम भरला, तर दोष आल्यावर फक्त ४.६ ॲम्पिअर वाहतील. बोर्डाचा ६ ॲम्पिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही. सळईभोवती पाणी ओता, आणि ऑर्केस्ट्राच्या बोर्डावर स्वतःचा ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी बसवा. तो एकच सगळ्या वादकांना पुरतो.

दुसरा मुद्दा : 'फ्यूज वारंवार उडत असेल तर तांब्याची तार बांधा.' हे आग लावायचं काम आहे. फ्यूज कशामुळे उडतो ते आधी बघा. १०० वॅटच्या ॲम्पला गाणं चालू असताना २३० व्होल्टवर एक ॲम्पिअरही क्वचित लागतो. फ्यूजवर 'टी' हे अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा असतो, कारण गोल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा झटका खेचतो. दुकानदाराने त्याच आकड्याचा 'एफ', म्हणजे चटकन उडणारा, दिला की तो बटण दाबताच जातो आणि लोक तार बांधून मोकळे होतात. 'टी' मागून घ्या. तरीही उडत असेल तर सिरीज बल्ब लावा : ॲम्पच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटूनच राहिला तर आत एसीचा डीसी करणारा ब्रिज (बेसवरचा नव्हे) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, आणि त्या दिवशी तार बांधली असती तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. नागपूरला नेऊन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणेपर्यंत अर्धा हंगाम जातो.

तिसरा : 'दुसरा स्पीकर पॅरलल जोडा, आवाज डबल.' दुसऱ्या स्पीकरने आवाज वाढतो, हे खरं आहे. डबल होत नाही. वॅट दुप्पट झाले की वाढतात ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. खरा धोका ओहमचा आहे. मागे 'कमीत कमी ४ ओहम' लिहिलेलं असेल आणि आतला स्पीकर ८ चा असेल तर बाहेर आणखी एक ८ चा जोडा, ४ होतात, चालतं. आतलाच ४ चा असेल तर बाहेर ४ चा जोडल्यावर २ ओहम होतात आणि ट्रान्झिस्टरमधून दुप्पट करंट खेचला जातो. पहाटेपर्यंत तो तग धरत नाही. जाताना शॉर्ट होऊन जातो, मग सप्लायचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉईलमध्ये, आणि कॉईल जळल्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत. वर ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी बाजारात नकली भरपूर मिळते, म्हणजे बदललेलीही टिकत नाही. ओळखीच्या दुकानातूनच घ्या आणि हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना, बसवताना अभ्रक आणि पेस्ट नीट लावा.

चौथा मुद्दा, कपॅसिटरचा, अर्धा बरोबर आहे म्हणून जास्त फसवतो. 'सगळे कपॅसिटर मोठे टाका.' जुने फिल्टर कपॅसिटर बदलावेत, यात वाद नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश असतात, बंद पेटीत त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून ८५ अंशांच्या जागी १०५ चे घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. पण ४७०० च्या जागी २२००० मायक्रोफॅरड टाकले तर चालू करताना ब्रिजवर एवढा झटका बसतो की तोच जातो. सिग्नलच्या वाटेतल्यांना तर हातच लावू नका, तिथे किंमत बदलली की टोन बदलतो. आणि मेसेजमध्ये कपॅसिटर स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करायला सांगितलंय, ते करू नका. इन्सुलेटेड टोकांची वायर आणि मोठा रेझिस्टर वापरा आणि मीटरवर शून्य आलेलं पाहूनच हात घाला. ट्यूबचा ॲम्प असेल तर आत ४०० व्होल्ट आणि जास्तही असतात. तो सवयीच्या माणसाकडेच द्या.

पाचवा, गाडीचा सबवूफर बसवण्याचा. नको. गाडीचे वूफर एका वॅटला एक मीटरवर साधारण ८५ ते ८८ डेसिबल देतात, बेसचा चांगला स्पीकर ९५ च्या पुढे. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तुमचा १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या ॲम्पएवढा ऐकू येणार. शिवाय वरचा पट्टा मेल्यामुळे बोटांचा आवाज, ज्याने बेस वेगळा ओळखू येतो, तोच हरवतो.

सहावा : 'मागचं झाकण काढून ठेवा, ॲम्प थंड राहतो.' थंड ठेवायला हवा, इथे मेसेजवाला चुकला नाही. पण कॉम्बोची पेटी स्पीकरच्या मापाने बंद केलेली असते; तिचं झाकण काढलं की खालचे सूर पोकळ होतात आणि ई तार वाजवली की स्पीकरचा कोन, म्हणजे कागदी पडदा, जागा सोडून हलू लागतो. आत उंदीर आणि कोंडा जातो तो वेगळाच. त्यापेक्षा हीटसिंकसमोर, पेटीच्या बाहेरच्या बाजूने, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावा. त्याला वेगळा ॲडॉप्टर द्या, प्रीॲम्पच्या सप्लायवरून घेऊ नका, नाहीतर मोटरची घरघर स्पीकरमधून ऐकू येईल. समोर बारीक जाळी लावा, पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा, आणि हंगाम संपला की ब्रशने जाळी साफ करा.