घड्याळाची चूक माझी, साठ फुटांचा हट्ट तुमचा

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. रात्री थोडा राग आला होता, सकाळच्या चहासोबत गेला. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. फ्लाय म्हणजे आमिषासारखी सजवलेली हलकी गरी. तिला स्वतःचं वजन नसल्यासारखंच, म्हणून ती जाड लाइनच्या, म्हणजे दोरीच्या, वजनाने फेकतात. त्यासाठीचा रॉड (काठी) आणि लाइन कशी निवडावी यावर मी लिहिलं होतं, त्यावर नागपूरच्याच मानेवाड्याहून या भाऊंनी मला तीन गोष्टी सुनावल्या. एक, माझं 'दहा ते एक' (रॉड घड्याळाच्या दहा आणि एकच्या मध्येच हलवणं) तंतोतंत पाळूनही त्यांच्या लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोऱ्याला, दर चार-पाच कास्टमागे (फेकींमागे) गाठ बसते. दोन, 6 नंबरचा (म्हणजे 6 नंबरच्या लाइनसाठीचा) महागडा फास्ट, म्हणजे ताठ, रॉड हातात असूनही फ्लाय 35 फुटांपुढे जात नाही, तेव्हा 'रॉडपेक्षा लाइनकडे लक्ष द्या' हे माझं म्हणणं पोकळ आहे. आणि तीन, खिंडसी तलावाच्या काठावर शेजारचा माणूस कणकेच्या गोळीवर रोहू काढत असताना आपण हवेत दोरी फिरवत बसायचं, हे काऊन?

तिसरं आधी मिटवतो. मान्य. रोहू बहुतेक शेवाळ-वनस्पतीवर जगतो, त्याला फ्लायचं फारसं अगत्य नाही. ताटात मासा हवा असेल तर गरी आणि कणीक यांना तोड नाही. मी फ्लाय टाकतो ती मरळ आणि चिलापीसाठी, आणि खरं सांगू का, निम्मी मजा लाइन डोक्यावरून उलगडताना पाहण्यातच असते. (तलाव कोणत्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यावर आहे ते विचारून, त्यांची परवानगी घेऊनच बसा. हे कणीकवाल्यांनाही लागू.)

आता पहिलं, म्हणजे गाठ. इथे चूक माझी आहे आणि ती लेखात दुरुस्त करतोय. तबकडी डोळ्यांसमोर आणून रॉड पुढे दहावर आणि मागे एकवर थांबवा, असं मी सरसकट लिहून मोकळा झालो. पंचवीस-तीस फूट लाइनसाठी ते चालतं. पण लाइन जितकी जास्त बाहेर, तितकं वजन जास्त, तितका रॉड जास्त वाकतो. रॉड जास्त वाकला आणि हाताचा पल्ला मात्र तेवढाच आखूड ठेवला, की रॉडचं टोक सरळ रेषेत न जाता मध्येच खाली झुकून पुन्हा वर येतं. लाइन टोकाच्या मागोमाग जाते. टोक झुकलं की लूपचा (हवेत उलगडताना लाइन घेते त्या वळशाचा) वरचा पदर खालच्या पदराला ओलांडून खाली उतरतो, आणि दोन्ही पदर एकमेकांत अडकून लीडरला ती बारीक गाठ बसते. आपण सगळे तिचं खापर वाऱ्यावर फोडतो. वाऱ्याचा दोष क्वचितच असतो.

तेव्हा घड्याळ भिंतीवरच राहू द्या. लाइन आखूड, तर पल्ला आखूड. लाइन लांब, तर पल्ला लांब, मागे पार दोन-अडीचपर्यंत गेला तरी हरकत नाही. अट एकच, थांबायचं ते गच्चकन. दुसरं कारणही तपासा, कारण तुम्ही 'जोर लावून' हा शब्द तीनदा लिहिला आहे. पुढच्या कास्टच्या सुरुवातीलाच हिसका दिला तरी टोक तसंच झुकतं. सुरुवात सावकाश, वेग वाढत वाढत, आणि सगळ्यात जास्त वेग थांबण्याच्या अगदी आधी. गच्चीवर ब्रशने रंग झटकताना थेंब समोरच्या भिंतीवर एकाच ठिकाणी पाडायचे असतील तर हात जसा चालेल, तसा.

मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबता का? मान वळवून बघा, त्यात कमीपणा नाही, मी अजूनही बघतो. मागून आसूडासारखा 'फट्' आवाज आला तर समजा घाई झाली. त्या आवाजाबरोबर बहुधा फ्लायही गेलेली असते. माझ्या अशा दोन डझन फ्लाय तरी रेशीमबागेच्या मैदानात कुठेतरी पडल्या असतील. तेव्हापासून सरावाला हुक न लावता लोकरीचा तुकडा बांधतो. मैदानावरची पोरं विचारतात, "काका, काय करून राह्यले?" आता काय सांगावं!

आता तुमचं मुख्य दुखणं. तुम्ही लिहिलं आहे की 'साठ फूट लाइन बाहेर काढून हवेत फिरवतो, मग सोडतो'. भाऊ, तिथेच पाणी मुरतंय. तुमच्याकडची लाइन वेट-फॉरवर्ड आहे. म्हणजे तिचं वजन पुढच्या भागात, साधारण 30 ते 40 फुटांत भरलेलं असतं आणि त्यामागे बारीक, हलकी लाइन. जाड भाग रॉडच्या टोकाबाहेर गेला आणि त्यामागून वीस फूट बारीक लाइनही बाहेर लोंबली, की हाताची ताकद त्या बारीक लाइनमधून जाड भागापर्यंत पोचतच नाही. लूप मोडतो, सगळं गुंडाळं पाण्यात पडतं, आणि मोजलं तर 35 फूट. साठ फूट जायचं असेल तर साठ फूट हवेत धरायचे नसतात. जाड भाग तेवढा बाहेर ठेवा, उरलेली लाइन पायाशी सैल सोडा, दोनदा मागे-पुढे करा, आणि शेवटच्या कास्टला रॉड थांबल्यावर हातातली लाइन सोडा. आधी सोडली तर लूप कोसळतो. बाकीची लाइन पुढे गेलेला जाड भाग आपसूक ओढून नेतो. काही लाइनींवर जाड भाग संपतो तिथे रंग बदलतो. तुमच्या लाइनवर तसं नसेल तर बोटांनी चाचपून ती जागा शोधा आणि काळ्या मार्करने खूण करा. खूण टोकाच्या जरा बाहेर आली की बस.

आणि रॉड? तो चांगलाच असेल. फास्ट रॉड बुडाशी ताठ असतो, मुख्यतः टोकाकडे वाकतो. थांबणं आणि वेळ नीट जमली की तो लांब फेकतो, पण ती जमेपर्यंत हाताला काही कळू देत नाही. शिकताना मध्यम रॉड बरा, हे मी लिहिलंच होतं, पण घेतला तो घेतला, विकू नका.

लाइनच्या नंबराबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या सोनारांची गुंज होती तशातलंच माप. 5 नंबर 140 ग्रेन, 6 नंबर 160, 7 नंबर 185, 8 नंबर 210. ग्रॅममध्ये 6 नंबर म्हणजे जेमतेम 10.4 आणि 7 नंबर 12. एवढ्याशा दीड ग्रॅमने काय होतंय, असं मलाही वाटायचं. मग माझ्याकडच्या दोन 6 नंबरी लाइनींपैकी एक रॉडला छान वाकवते आणि दुसरीने काहीच कळत नाही, असं का होतं म्हणून एकदा त्या दोन्ही घेऊन इतवारीत सराफ्याला गेलो. ओळखीच्या सोनाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोपटी गुंडाळीकडे, आणि म्हणाला, "याचं काय करू, मोडीत घेऊ?" तीस फुटांवर दोऱ्याची खूण करून तेवढं वेटोळं काट्यावर ठेवलं, बाकीची लाइन मी हातात सैल धरून उभा. पंखा बंद करायला लावला, कारण आकडा थरथरत होता. पहिली 10.3 ग्रॅम. दुसरी 12.1. दोन्ही डब्यांवर ठसठशीत 6.

यात फसवणूकच असते असं नाही. हल्लीचे रॉड नंबराच्या मानाने ताठ होत गेले, म्हणून बऱ्याच कंपन्या अर्धा ते एक नंबर जड लाइन मुद्दाम बनवतात आणि डब्याच्या मागे ग्रेन बारीक अक्षरांत छापतात. तिथे वाचा. तुमच्या ताठ रॉडवर 7 नंबरची किंवा 175-185 ग्रेनची लाइन लावून बघा, तीस-चाळीस फुटांत रॉड वाकल्याचं हाताला लगेच कळेल. त्याहून जास्त लाइन हवेत धरलीत की मात्र तीच लाइन जड वाटेल, कारण बाहेरचा प्रत्येक फूट वजन वाढवत जातो.

अजून एक, जे लेखात लिहायचं राहून गेलं आणि नागपुरात सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. थंड पाण्याच्या, ट्राउटसाठीच्या लाइनी मऊ असतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की त्या उकडलेल्या शेवयांसारख्या लिबलिबीत होतात, रॉडच्या कड्यांना चिकटतात, पायाशी सोडलेली लाइन सुटत नाही. उष्ण प्रदेशासाठीच्या लाइनीचा गाभा ताठ आणि वरचा थर कडक असतो, ती आपल्याकडे टिकते. जानेवारीच्या सकाळी मात्र ती स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. तेव्हा दोघांनी दोन टोकं धरून हळूहळू ताणायची. मुरमाड मैदानावर घासून वरचा थर खरवडतो, म्हणून सराव हिरवळीवर करा, नंतर साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा. आणि डासांचं मलम चोळलेल्या हाताने लाइन धरू नका. ज्या मलमात डीईईटी असतं ते प्लास्टिक खातं. माझी एक लाइन एका संध्याकाळीच चिकट झाली होती.

मरळीसाठी कोणता नंबर, हेही तुम्ही शेवटी विचारलं आहे. मोठ्या माशाला मोठा नंबर, असा सरळ हिशेब नसतो. आधी फ्लाय बघायची. मरळ हवा घ्यायला पृष्ठभागावर येते, कमळाच्या पानांत, गवतात दबा धरते, म्हणून तिच्यासाठी फोमचा बेडूक वापरतात. तो हलका पण फुगीर, हवेला अडतो. त्याला ओढून न्यायला वजनदार लाइनच लागते, आणि मासा लागल्यावर गवतातून उपसायला ताठ रॉड. म्हणून 9 फुटी, 8 नंबर. तिथे अंतर तीस-पस्तीस फूट पुरतं. पावसाळ्यात पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथे टाकू नका, आई-बाप खाली राखण करत असतात, ते चिडून फ्लाय धरतात आणि पिल्लं उघडी पडतात. चिलापीला तुमचा 6 नंबरच छान.

या रविवारी सकाळी साडेसहाला मी रेशीमबागेत आहे. तुमची लाइन आणि मार्कर घेऊन या. नंतर वेळ असेल तर इतवारीत जाऊन तीही तोलून येऊ, सोनार आता ओळखतो मला.