विसळून लावलेली भांडी

बाणेरच्या आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं राहत नाही. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अजून राहतो. गेल्या उन्हाळ्यात टँकरचं बिल फुगलं आणि कमिटीने ठराव आणला: ज्यांच्या घरी डिशवॉशर आहे त्यांनी दरमहा पाचशे रुपये जादा भरावेत, कारण ‘मशीन पाणी फार पितं’. त्यावर दीडशे मेसेज पडले. एकाने आळशी पिढीचा उद्धार केला. दुसऱ्याने राखेने घासलेल्या पितळी भांड्यांची चकाकी आठवली. (यांच्या घरात मॉड्युलर किचन आहे, राख शेवटची कधी पाहिली देव जाणे.)

मी तेव्हा जर्मनीत, बोब्लिंगेनच्या स्टेशनवर एस-बानची, म्हणजे लोकलची, वाट बघत उभा होतो. गाडी वीस मिनिटं लेट, म्हणजे नेहमीसारखीच. बाकावर बसून टाइप करायला घेतलं. गाड्यांच्या सेन्सरवर माझं पोट चालतं, त्यामुळे सेन्सरबद्दल कोणी अडाणीपणा केला की मला तो वैयक्तिक अपमान वाटतो.

काका, मशीन पाणी पीत नाही, तेच तेच पाणी फिरवतं, असं मी लिहिलं. तळाशी खड्ड्यात थोडं पाणी साठतं, पंप ते वर फेकतो, खाली आलेलं पुन्हा वर. त्या पाण्याच्या वाटेवर एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि समोर त्याचा प्रकाश मोजणारा डोळा, तोच सेन्सर. पहिल्या धुण्यानंतर पाणी गढूळ असेल तर प्रकाश कमी पोचतो. मग मशीन ते सोडून देतं आणि नवीन घेतं. पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तर तेच पुढच्या फेरीला वापरतं. एवढंच. आणि आपल्या लोकांची पहिली शंका असते हळदीची, तर तेही ऐका: इन्फ्रारेडला रंगाचं फारसं सोयरसुतक नाही, त्याला दिसतात तरंगणारे कण. हळदीने पिवळं झालेलं पाणी चालून जातं, भाताची पेज चालत नाही. फेसाने आणि बुडबुड्यांनी मात्र तो फसतो, म्हणून पंप शांत असताना मोजावं लागतं. प्लास्टिकच्या जाळ्या पिवळ्या होतात त्या होतातच, त्यावर अजून कोणी सेन्सर काढलेला नाही.

मग मी हुकमाचं पान टाकलं. बॉन विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना बारा माणसांची भांडी हाताने घासायला लावली. सरासरी 103 लिटर पाणी गेलं. स्पेन-पोर्तुगालवाल्यांनी 170 पर्यंत मजल मारली, जर्मनांनी 46 मध्ये भागवलं. आणि आजचं चांगलं मशीन इको प्रोग्रामवर तेवढीच भांडी सुमारे दहा लिटरमध्ये काढतं. दहा. आकडा दोनदा लिहिला.

उत्तर आलं बी विंगमधल्या जोशीकाकूंचं. ‘आमच्या मावशी दोन बादल्यांत करतात. घमेल्यात घासायची, एका बादलीत विसळायची, दुसरीत शेवटचा हात. नळ चालू ठेवून भांडी घासायची आमची पद्धत नाही रे.’

गाडी आली. मी फोन खिशात टाकला.

काकूंचं म्हणणं बरोबर होतं, याचाच राग जास्त आला. बॉनच्या प्रयोगातली माणसं सिंकपाशी उभी, बऱ्याच जणांचा नळ सोडलेला. बादली आणि तांब्याचा हिशोब त्या 103 मध्ये कुठेच नाही. लहानपणी सदाशिव पेठेत पाणी सकाळी दीड तास यायचं. आई मोरीत पाटावर बसून अख्ख्या घराची भांडी जेवढ्या पाण्यात काढायची तेवढ्यात माझा मुलगा दात घासतो. आणि 46 लिटरवाल्या जर्मनांची भांडी मी पाहिली आहेत. साबणाच्या पाण्यातून काढायची आणि फेसासकट टॉवेलने पुसून कपाटात. माझ्या आधीच्या शेजारणीने असा धुतलेला कप मला कॉफी भरून दिला होता. त्यात पाणी वाचतं, नाही कोण म्हणतो.

शिवाय एक गोष्ट मी ग्रुपवर मुद्दाम लिहिली नाही. हा सेन्सर दुष्काळातून जन्मलेला नाही. डिशवॉशरची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. पाणी कमी घेतलं की तापवायचं कमी, आणि युरोपात यंत्रांवर ऊर्जेची लेबलं लागली तेव्हा कंपन्यांना अर्धा अर्धा लिटर महाग वाटू लागला. 1990 च्या दशकात गढूळपणा मोजणारे सेन्सर घरगुती मशीनमध्ये आले ते त्या सुमारास. आमच्या इथे बोडनजे या मोठ्या तळ्याचं पाणी नळाला येतं, भरपूर. उलट लोक इतकं कमी वापरतात की काही शहरांत गटारं तुंबू नयेत म्हणून नगरपालिकेलाच वरून पाणी सोडावं लागतं. जर्मनीत माणशी दिवसाला सुमारे 125 लिटर खर्च होतं. भारतातल्या शहरांसाठीचा सरकारी मापदंड आहे 135. कागदावर बाणेरकर माझ्यापेक्षा श्रीमंत. त्या 135 मधले किती टँकरने येतात, ते बिलावर दिसतंच आहे.

आणि मावशी? दीडशे मेसेजमध्ये त्या फक्त बादल्या मोजायला आल्या. पहिल्या यशस्वी डिशवॉशरचं पेटंट 1886 मध्ये अमेरिकेत जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी घेतलं. नोकरमाणसं घासताना पिढीजात चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडवायची म्हणून त्यांनी ते यंत्र काढलं, असं सांगतात. म्हणजे यंत्राच्या पोटात पहिल्यापासून मोलकरणीविषयीची तक्रार आहे. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी काम बंद ठेवलं आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राखेची चकाकी आठवणाऱ्यांना हे साल आठवत नाही. मी तरी कुठे लिहिलं? लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, तुझ्याकडे कोण करतं रे?

माझ्याकडे मशीन करतं. पण खरं सांगायचं तर मी भांडी आधी विसळतो.

हे कोणत्याही सेन्सरवाल्याने कबूल करू नये असं पाप आहे. विसळलेली भांडी लावली की पाणी नितळ राहतं, सेन्सरला वाटतं काम झालं, ऑटो प्रोग्राम हात आखडता घेतो आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेला भात तसाच राहतो. वर नळाखाली गेलेलं पाणी वेगळं. मीच हे पाहुण्यांना समजावतो, डीएम नावाच्या दुकानातून आणलेलं मशीनचं मीठ भरता भरता. आणि पाहुणे गेले की बाही वर करून सगळं विसळतो. खरकटी भांडी दार लावून डब्यात कोंडायची, आणि डबा भरेपर्यंत दीड दिवस तशीच ठेवायची, हे हाताला जमत नाही. बायको म्हणते, ‘मग मशीन कशाला घेतलंस?’

आई दोन वर्षांपूर्वी आली होती. पहिल्याच रात्री दहानंतर किचनमध्ये भांड्यांचा आवाज. रूअत्साइटच्या, म्हणजे रात्री आवाज न करण्याच्या नियमाच्या, धास्तीने मी धावत गेलो. ती सिंकमध्ये लहानसं घमेलं ठेवून ताटं घासत होती. घमेलं कुठून आणलंस विचारलं तर म्हणाली, ‘बॅगेतून.’ मी तिला मशीन दाखवलं, काचेवरचे आकडे दाखवले, दहा लिटर सांगितलं. ती म्हणाली, ‘साडेतीन तास? तोवर मी झोपून उठेन.’ मग निघताना पोळपाट मशीनमध्ये घालू नकोस एवढं बजावून गेली. घमेलं इथेच आहे. सिंकच्या खाली.

ग्रुपवर त्या दिवशी शेवटी चेअरमनकाकांनी मला वेगळा मेसेज पाठवला. ‘तुझं मत पोचलं. पण तुझ्या फ्लॅटचं पाण्याचं मीटर गेली चार वर्षं शून्य आहे, बाळा.’

आहे. फ्लॅट भाड्याने दिलेला नाही, कारण आम्ही परत येणार आहोत. 2019 मध्ये दिवाळीला आलो तेव्हा किचन करून घेतलं, आणि त्यात डिशवॉशरही बसवून घेतला. दारावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मुलगा आता जिम्नाझियमला, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत आहे, आबिटूर ही शेवटची परीक्षा झाल्याशिवाय हलणं शक्य नाही.

ठराव मंजूर झाला. ठरावात यंत्र लिहिलंय, पाणी नाही, त्यामुळे मलाही पाचशे रुपये लागू. पहिल्या महिन्याचे नेटबँकिंगने भरले, पावती आली. ‘डिशवॉशर वापर शुल्क.’ इतकी वर्षं बंद राहिलं की रबरं सुकतात, एकदा रिकामं चालवून बघायला हवं. किल्ली काकांकडेच असते. त्यांना सांगावं की काय, विचार करतोय, पण टँकर कोणत्या दिवशी येतो ते आधी विचारावं लागेल.